बास्केटबॉल रिक्रूटिंग सर्व्हिसचा रिव्ह्यू: पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक व्हिडिओवाल्या पोरामुळे

हा रिव्ह्यू मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिला मार्चमध्ये टाकला होता, एक स्टार, चारच ओळी, सगळा राग. दोन दिवसात कंपनीचा फोन आला की सर तुमचा अनुभव वाचून फार वाईट वाटलं, ४०० डॉलर परत करू शकतो आम्ही, फक्त तो रिव्ह्यू जरा... म्हणलं जरा म्हणजे काय, तर म्हणे अपडेट करा. मी काढूनच टाकला. हो, काढला, ४०० डॉलरमध्ये पोराच्या दोन टुर्नामेंटचं हॉटेल निघतं. ते पैसे आजपर्यंत आले नाहीत म्हणून आता सविस्तर लिहितोय, आले असते तर बहुतेक गप्प बसलो असतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं मी नीतीमत्तेवर भाषण ठोकायला लागलो की तुम्ही हसायला मोकळे.

पोराला कॉलेजच्या बास्केटबॉल कोचपर्यंत पोचवतो म्हणणाऱ्या या कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर वकील परवडत नाही आणि दुसरं म्हणजे नाव बदललं तरी मजकूर तोच राहील, मी चार कंपन्यांचे डेमो बघितलेत.

भारतातल्या लोकांसाठी थोडक्यात. इथं अमेरिकेत पोरगं हायस्कूलमध्ये बऱ्यापैकी बास्केटबॉल खेळायला लागलं की आईबापाच्या डोक्यात कॉलेजची फी आणि स्कॉलरशिप एकदमच शिरते. कॉलेजच्या खेळाचा कारभार एनसीएए बघते, त्यात तीन डिव्हिजन. डिव्हिजन वन म्हणजे टीव्हीवर दिसतं ते, साडेतीनशेच्या वर टीम. तीन नंबरच्या डिव्हिजनला खेळाची स्कॉलरशिपच नसते. हायस्कूलला खेळणारी मुलं पाच लाखांच्या पुढं, त्यातली शंभरातली तीन-चार एनसीएएच्या कुठल्यातरी टीमपर्यंत पोचतात आणि डिव्हिजन वनला जेमतेम एक. हा आकडा सगळ्या आईबापांना पाठ असतो आणि प्रत्येकाला मनातून वाटतं तो एक आपलाच. मलापण वाटलं. मी नागपूरचा, शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टावर माझे गुडघे फुटलेत, त्यामुळं आमच्या घरात हा आजार जरा जास्तच आहे.

तर सर्व्हिस. पॅकेज २,४०० डॉलर, सहा हप्ते. त्यात प्रोफाइल पेज, हायलाइट व्हिडिओ, कॉलेजच्या कोचना ईमेल, महिन्याला एक फोन आणि 'रिक्रूटिंग कोच' नावाचा एक माणूस. या धंद्यात सगळेच कोच. सेल्सवाला कोच, कस्टमर केअरवाला कोच, ज्यानं मला क्रेडिट कार्डचा नंबर विचारला तोपण कोच. पहिल्या झूम कॉलवर त्यानं पोराची उंची विचारायच्या आधी माझा जॉब विचारला, मग बायकोचा. तिथंच उठायला पाहिजे होतं.

मग उंची. पोरगा ५ फूट ११, शूज घालून ६ फूट. प्रोफाइलवर ६ फूट १ आलं. मी फोन केला की चुकलंय, तर कोच हसला, म्हणे चुकलं नाही, सगळेच दोन इंच टाकतात, कॉलेजचे कोचपण मनातल्या मनात दोन इंच कापतात, तुम्ही खरं लिहिलं तर तुमचा पोरगा ५ फूट ९ होईल. लॉजिक बघा! आणि खोटं कशाला सांगू, मला ते क्षणभर पटलं. बायको म्हणाली काढा ते. पोरगा म्हणाला, बाबा, ते मला कधीतरी समोर बघतील ना. काढलं.

डॅशबोर्ड दिसायला भारी आहे. हिरवे-निळे गोल, आकडे फिरतात, '११४ कोचना पाठवलं, ३८ जणांनी उघडलं'. बायकोनं त्या ३८ चा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला, नाशिकहून आत्याचा अभिनंदनाचा फोन आला. आता मी पोट भरतो ते याच कामावर, मेल उघडली की नाही हे त्यात लपवलेल्या एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून कळतं आणि कॉलेजचा स्पॅम फिल्टरसुद्धा मेल तपासताना तो ठिपका उघडतो. ३८ पैकी २९ मेल पाठवल्यापासून चार सेकंदात उघडल्या होत्या. चार सेकंदात बाप्पा कोण वाचतं? मी हे विचारलं तेव्हा तिकडून उत्तर आलं की सर, एंगेजमेंट चांगली आहे.

पहिल्या महिन्यात तीन कॉलेजचे कॅम्पचे मेल आले. घरात दिवाळी. ३५० डॉलर एका कॅम्पचे, एकाचे ४२५, 'आम्हाला तुझा खेळ जवळून बघायचाय'. हे नीट वाचा, पैसे वाचतील: एनसीएएच्या नियमात कॅम्पचं ब्रोशर आणि माहितीचा फॉर्म कुठल्याही वयाच्या मुलाला कधीही पाठवता येतो. म्हणजे कॅम्पची मेल आली याचा अर्थ कोचनी बघितलं असा नसतो, तुमचा पत्ता कुठल्यातरी यादीत आहे एवढाच असतो. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन वनचा कोच खऱ्या अर्थानं फोन-मेसेज सुरू करू शकतो तो दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून. कंपनीच्या माणसाला हे माहीत असणारच ना, पण तो काय म्हणाला, तर 'इंटरेस्ट वाढतोय'. आम्ही एका कॅम्पला गेलो. १६० पोरं, सहा बास्केट. मुख्य कोच आला, पाच मिनिटं भाषण केलं, टी-शर्ट वाटले आणि गेला. टी-शर्ट चांगला आहे, मी घालतो.

आता खरा मुद्दा. करार मी सही केल्यानंतर वाचला, सगळे तसंच करतात. पान ९, बारीक अक्षर: पोराला स्कॉलरशिप मिळाली तर पहिल्या वर्षाच्या रकमेच्या ५ टक्के 'सक्सेस फी'. मला तर आधी हे छानच वाटलं, काम झालं तर पैसे, आपल्याकडे जमिनीचा दलालपण असाच घेतो. पोराच्या शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टर बाईंना सहज दाखवलं तर त्यांचा चेहराच पडला. एनसीएएचा नियम असा आहे की मुलाची माहिती कॉलेजांना पाठवणाऱ्या सर्व्हिसला तुम्ही ठरावीक फी देऊ शकता, पण ती फी स्कॉलरशिप मिळवून देण्यावर अवलंबून असली तर तो माणूस एजंट झाला आणि पोराची खेळायची पात्रताच धोक्यात. म्हणजे मी २,४०० डॉलर देऊन स्वतःच्या पोराला अपात्र करायची सोय करत होतो! कंपनीला विचारलं तर म्हणे ते जुनं टेम्प्लेट आहे, सगळ्या कुटुंबांना लागू होत नाही. मग आम्हाला का पाठवलं? तर म्हणे पीडीएफ चुकून गेली. नवीन पीडीएफ दहा मिनिटांत आली, पान ९ कोरं, नंबर तेवढा तसाच.

या एका कलमामुळं माझे दोन वीकेंड गेले, कारण हा नियम असा काहून हे मला समजून घ्यायचं होतं. आणि बसलो तर उठलोच नाही.

२६ सप्टेंबर २०१७ ला एफबीआयनं कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचेच्या प्रकरणात दहा जणांना पकडलं. चार असिस्टंट कोच, ऑबर्न, ॲरिझोना, ओक्लाहोमा स्टेट आणि यूएससी या कॉलेजांचे, शिवाय आदिदासचा मोठा अधिकारी जिम गॅटो आणि ख्रिश्चन डॉकिन्स नावाचा एक पंचविशीतला पोरगा. हा डॉकिन्स खेळाडूंच्या एजंटाच्या ऑफिसात रनर होता. रनर म्हणजे पोराच्या घरी जाणारा, आईला किराणा नेऊन देणारा, बापाशी मॅच बघत बसणारा माणूस. त्याची विद्या एकच, कुठल्या पोराच्या घरात कोणाचा शब्द चालतो ते त्याला माहीत. केस मुख्यतः ब्रायन बोवेन नावाच्या खेळाडूची. त्यानं आदिदासशी करार असलेल्या कॉलेजला, लुइव्हिलला जावं म्हणून त्याच्या बापाला एक लाख डॉलर द्यायचं ठरलं. पहिला हप्ता १९,५०० डॉलर रोख आणि तो आमच्याच न्यूजर्सीत दिला गेला, देणारा मुनीश सूद म्हणून प्रिन्स्टनचा फायनान्शियल ॲडव्हायजर. त्यानं पुढं गुन्हा कबूल करून कोर्टात साक्ष दिली. आडनाव वाचून बायको म्हणाली, बघा, आपली माणसं पोचली तर कुठं पोचली.

गंमत अशी की पोराच्या बापाला पैसे देणं हा काही फौजदारी गुन्हा नाही. एनसीएएचा नियम मोडतो, कायदा नाही. मग सरकारनं काय मांडलं, तर फसवलं गेलं ते विद्यापीठ! त्यांनी अपात्र पोराला पात्र समजून स्कॉलरशिप दिली म्हणून. ज्या लुइव्हिलनं त्याच ऑगस्टमध्ये आदिदासबरोबर १६ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार जाहीर केला ते बिचारं फसलं. गॅटोला नऊ महिने, डॉकिन्सला सहा. ॲरिझोनाच्या असिस्टंटनं २०,००० डॉलर घेतले, तो तीन महिने आत गेला. लुइव्हिलचे मुख्य कोच रिक पिटिनो यांना काढलं, ते सुरुवातीपासून म्हणत होते मला काहीच माहीत नव्हतं, २०२२ मध्ये स्वतंत्र पॅनेलनं त्यांना शिक्षा दिली नाही आणि २०२३ पासून ते आमच्या शेजारी न्यूयॉर्कच्या क्वीन्सला, सेंट जॉन्स विद्यापीठात आहेत, टीम जोरात आहे. बोवेन कॉलेजची एकही मॅच खेळला नाही, ऑस्ट्रेलियाला जाऊन खेळला. ज्याच्या नावावर सगळं झालं त्याचंच कॉलेजचं बास्केटबॉल गेलं.

आणि चारच वर्षात, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूनं स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेणं चालायला लागलं. ६ जून २०२५ ला तर कोर्टानं सेटलमेंट मंजूर केली आणि कॉलेजला स्वतः खेळाडूंना पैसे वाटता यायला लागले, पहिल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ ला, एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. डॉकिन्स ज्यासाठी आत गेला ते आता ऑफिसात, चहा पीत करता येतं. पूर्ण तसंच नाही, बाहेरचा ६०० डॉलरच्या वरचा करार असला तर तो नोंदवावा लागतो आणि बाजारभाव तपासतात. पण आमच्या एडिसनच्या मंडळातले एक काका विचारत होते की मग तो पोरगा जेलमध्ये काहून गेला होता, तर मला नीट उत्तर देता आलं नाही.

मला यातून माझ्यापुरतं जे दिसलं ते सांगतो. जुलैमध्ये मोठ्या टुर्नामेंट असतात, कॉलेजचे कोच कॉलेजचा लोगोवाला पोलो घालून बेसलाइनला फोल्डिंगच्या खुर्चीवर बसतात. नियम असा की त्यांनी फक्त बघायचं, पोराशी किंवा आईबापाशी तिथं बोलायचं नाही. मी स्वतः हॉट डॉगच्या रांगेत एका मोठ्या कॉलेजच्या असिस्टंटच्या मागं उभा होतो, तो माझ्या टी-शर्टवरचं पोराच्या टीमचं नाव वाचून छताकडे बघायला लागला. नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे, पोरांच्या मागं लागू नये म्हणून. पण दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत आणि दोघांनाही एकमेकांची गरज तर आहेच, मग मधे एक माणूस उगवणारच. बूट कंपनीचा माणूस, क्लब टीमचा कोच, पोराचा 'अंकल', ट्रेनर. त्याला बोलायला कोणी अडवत नाही. आणि तो कोचला म्हणतो पोरगा माझ्या हातात आहे, आईबापाला म्हणतो कोच माझ्या हातात आहे. आमच्या २,४०० डॉलरच्या सर्व्हिसनं मला नेमकं हेच वाक्य विकलं होतं, फक्त पीडीएफमध्ये आणि सहा हप्त्यात.

बूट कंपन्यांचं तर वेगळंच. नाइकीची लीग, आदिदासची लीग, अंडर आर्मरची लीग. सतरा वर्षाचा पोरगा नाइकीच्या उन्हाळी टीममध्ये खेळला की तो नाइकीच्याच कॉलेजला जाईल असं लोक धरूनच चालतात. हे सुरू केलं सनी व्हॅकारोनं, हा माणूस आधी नाइकीत होता, मग आदिदासला, मग रिबॉकला आणि म्हातारपणी तोच खेळाडूंना पैसे मिळाले पाहिजेत म्हणून एड ओबॅनन या माजी कॉलेज खेळाडूनं २००९ मध्ये एनसीएएवर केलेल्या केसच्या मागं उभा राहिला. असा माणूस आपल्याकडच्या राजकारणातच सापडेल. आमची टीम स्वतःच्या पैशानं बूट घेणारी, त्यामुळं आम्हाला हा त्रास झाला नाही, पण आमच्या पोरांची जी घालमेल होते ना समोरच्या टीमच्या पोरांना नवेकोरे बॅग-बूट-हुडी बघून, ती आईबापानं बघायची असते.

नियमाच्या दुसऱ्या बाजूनंपण प्रकार आहेत. कंपनीचा आमचा कोच मोठ्या अभिमानानं म्हणायचा की कॉलेजंपण आमचा डेटा विकत घेतात. म्हणलं म्हणजे माझ्याकडून पैसे घेऊन पोराची माहिती जमवायची आणि तीच पुढं विकायची? आणि जे कॉलेज विकत घेतं ते नक्की काय विकत घेतं? उदाहरण बास्केटबॉलचं नाही, अमेरिकन फुटबॉलचं आहे पण इतकं चपखल आहे की सांगतोच. २०१० मध्ये ओरेगॉन विद्यापीठानं विल लाइल्स नावाच्या स्काउटिंगवाल्याला २५,००० डॉलर दिले, खेळाडूंच्या माहितीच्या पॅकेजसाठी. चौकशी झाली तेव्हा ते पॅकेज दाखवा म्हणलं तर आधीच्याच वर्षाच्या मुलांची माहिती निघाली, म्हणजे जी मुलं ऑलरेडी कॉलेजला लागली होती. पैसे माहितीचे नव्हतेच, त्या माणसाचा ज्या पोरांवर जीव, ज्या पोरांचा त्याच्यावर विश्वास, त्याचे होते. २०१३ मध्ये एनसीएएनं शिक्षा केली. बास्केटबॉलच्या टुर्नामेंटलासुद्धा कॉलेजच्या कोचला आत बसायला 'पॅकेट' घ्यावं लागतं, शेकडो डॉलरचं, आत काय तर खेळाडूंची नावं, नंबर आणि फोन. आमच्या एका टुर्नामेंटच्या पॅकेटमध्ये आमच्या पोराचा फोन नंबर म्हणून माझ्या ऑफिसचा नंबर होता. कोणी केला नाही म्हणा.

आईबापही काही कमी नाहीत, हे पण लिहितो नाहीतर सगळं खापर दुसऱ्यावर फोडल्यासारखं होईल. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकजण सतत म्हणायचे की आपल्याला स्कॉलरशिप नकोच, आपल्याला आयव्ही लीग पाहिजे, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं, आयव्हीत खेळाची स्कॉलरशिप नसते पण कोचच्या यादीत नाव आलं की ॲडमिशन सोपी होते. बरोबर आहे ते, आणि म्हणूनच आयव्हीतल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काय झालं ते बघा. फ्लोरिडातल्या फिलिप एस्फॉर्म्स नावाच्या नर्सिंग होमवाल्यानं तिथले मुख्य कोच जेरोम ॲलन यांना सुमारे तीन लाख डॉलर दिले, कशासाठी तर पोराचं नाव खेळाडूंच्या यादीत घालायला. ॲलननं २०१८ मध्ये गुन्हा कबूल केला, कोर्टात साक्ष दिली, आणि २०२० मध्ये एनसीएएनं त्याला १५ वर्षांची शिक्षा लावली, म्हणजे त्याला कामावर घेणाऱ्या कॉलेजला आधी कारण दाखवावं लागेल. पोरगा टीमसाठी एकही मॅच खेळला नाही. मी ही गोष्ट ग्रुपवर टाकली तर ते गृहस्थ म्हणाले, तीन लाख फार झाले. नीतीचा प्रश्न नव्हता हो, रेटचा होता. आपल्याकडे ट्रॅम्पोलिनच्या बोगस सर्टिफिकेटांवर सरकारी नोकऱ्या लाटायचा प्रकार झालाच की, उडी न मारताच.

कंपनीनं एक गोष्ट मात्र मला कधीच सांगितली नाही आणि माझा खरा राग त्यावर आहे. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, कॉलेजमधला खेळाडू मोकळेपणानं दुसऱ्या कॉलेजला जातो, २०२५ च्या वसंतात एकट्या पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये दोन हजारांहून जास्त पोरं पोर्टलमध्ये होती. टीममध्ये जागा जेमतेम पंधरा. कोचला २२ वर्षाच्या, दाढी आलेल्या, कॉलेजच्या दोनशे मॅच अंगावर घेतलेल्या पोरांच्यात तुझ्या-माझ्या पोराची काय गरज? म्हणजे दोनशे नसतील, शंभर धरा. हायस्कूलच्या पोरांसाठी जागा कमी झाल्यात हे ज्याला रोजचं काम आहे त्याला माहीत नाही असं होणार नाही. पण हे सांगितलं तर २,४०० डॉलर कोण देईल?

मी नागपूरला आमच्या सरांना फोन केला, ज्यांनी आम्हाला शिकवलं, आता पंच्याहत्तरीला आलेत. सगळं ऐकून घेतलं, पान ९ पण. मग म्हणाले, काहून बे, पोराला विकायला काढलं का? म्हणलं सर, इथं सगळे असंच करतात. तर म्हणे, इथं पण करत होते, तुला टीममध्ये घ्या म्हणून तुझ्या मामानं मला संत्र्याची पेटी आणून दिली होती. मी सपाट. मला हे माहीतच नव्हतं. म्हणलं मग सर? म्हणे मग काय, संत्री खाल्ली, तुला बेंचवर बसवलं.

चांगलं काय ते पण लिहितो, दोन स्टार उगाच नाही दिले. कंपनीतल्या एका बाईंनी पोराचे शाळेचे विषय तपासले, डिव्हिजन वनला १६ ठरावीक विषय लागतात आणि त्याचा एक इंग्लिशचा कोर्स मान्य यादीत नव्हता, तो त्यांनी पकडला. शाळेनं पकडला नव्हता. हे एक काम खरंच पैशाचं होतं, फक्त हेच ५० डॉलरला मिळायला पाहिजे. बाकी मेल पाठवायचं काम पोरगा स्वतः करू शकतो, कोचचे पत्ते कॉलेजच्या वेबसाइटवर असतात, शाळेच्या किंवा क्लबच्या कोचनी दोन ओळी लिहिल्या तर त्या ११४ मेलपेक्षा जास्त चालतात. आणि कोणी म्हणालं माझी अमुक कॉलेजात आतून ओळख आहे तर सरळ विचारायचं, तुला पैसे कोण देतं आणि कधी देतं. मी कंपनीच्या आमच्या कोचला विचारलं होतं. म्हणाला, चांगला प्रश्न आहे, आणि पुढच्या महिन्यापासून आमच्यासाठी दुसरा कोच आला.

दुसरा स्टार व्हिडिओवाल्या पोराला. कोणी फ्रीलान्स मुलगा असावा, रात्री दोनला मेल करायचा. साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ, कापलेला छान, गाणं-बिणं नाही, बॉल सुटल्यापासून पास कुठं गेला ते शेवटपर्यंत दिसतं, जे कोच लोकांना बघायचं असतं. एकच घोळ. आमचा पोरगा १२ नंबर. पहिल्या तीन क्लिपमध्ये त्यानं बाण लावला २१ नंबरवर. कळवल्यावर दुरुस्त केलं, सॉरी म्हणाला, पण तोपर्यंत कंपनीनं जुना व्हिडिओ ११४ जणांना पाठवून दिला होता.

त्या ११४ मधून एकच खरंखुरं, माणसानं टाइप केलेलं उत्तर आलं. पेनसिल्व्हेनियातलं छोटं डिव्हिजन थ्रीचं कॉलेज, असिस्टंट कोच, एकच ओळ: हा २१ नंबर कोण आहे?

२१ नंबरची आई आमच्या कारपूलमधली, नर्स आहे, नाईट शिफ्ट करून पोराला टुर्नामेंटला आणते, तिच्याकडे कुठलं पॅकेज नव्हतं. मी ती मेल तिला फॉरवर्ड केली. लगेच नाही केली, दोन दिवस लागले.